हात गरम, फोन थंड : एका बीजीएमआय संघाच्या पहिल्या मॅचचं प्रकरण

संघ चार पोरांचा. गाव वर्धा जिल्ह्यातलं, हिंगणघाटहून आत, कापूस-तुरीच्या पट्ट्यातलं. दोघं बारावीला, एक आयटीआयला, आणि एक बी.ए. अर्ध्यात सोडून बापासोबत शेती पाहणारा. खेळ बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे बीजीएमआय, मोबाइलवरचा बंदुकांच्या लढाईचा खेळ. तक्रार एकच होती. रात्री नऊला सुरू होणाऱ्या स्क्रिममध्ये, म्हणजे संघासंघांच्या सराव-लढतींमध्ये, पहिली मॅच हमखास हातची जायची. सोळा संघांच्या लॉबीत पहिल्या मॅचला तेरावा-चौदावा नंबर, कधी तर सगळ्यात शेवटचा. आणि तेच चौघं, त्याच लॉबीत, तिसऱ्या-चौथ्या मॅचला पहिल्या पाचांत.

मी तालुक्याच्या शाळेत क्रीडाशिक्षक आहे. यांतले दोघं शाळेत असताना माझ्या कबड्डी संघात होते, म्हणून मोबाइलच्या खेळाची तक्रार घेऊन पीटीच्या मास्तरकडे आले. "सर, पयल्या मॅचले हातच नाई चालत. दुसरीपासून मंग बराबर होते. काहून होते असं?" मैदानावर आम्ही करून घेतो तसा एखादा वॉर्मअप बोटांसाठी सांगा, एवढीच मागणी. वॉर्मअप ते करत नव्हते असं मात्र नाही. तासाभराहून जास्त करत होते. म्हणूनच हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं.

एक मॅच गेली तर एवढं काय बिघडतं, हे हा खेळ न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. स्पर्धेच्या लॉबीत चौघा-चौघांचे सोळा संघ उतरतात. शेवटपर्यंत टिकणाऱ्या संघाला १० गुण, दुसऱ्याला ६, मग ५, ४, ३, २ आणि सातव्या-आठव्याला प्रत्येकी १. नवव्यापासून खाली शून्य. शिवाय प्रत्येक फिनिशला, म्हणजे समोरचा एक खेळाडू बाद केल्याबद्दल, एक गुण. रात्रीच्या चारही मॅचेसची बेरीज होते. पहिल्या मॅचला विमानातून उतरल्या उतरल्या दोघं गारद झाले की गुण शून्य किंवा एक, आणि उरलेल्या तिन्हींत बरं खेळूनही संघ सातव्या-आठव्याच्या वर सरकत नाही.

दुसरा खुलासा पालकांसाठी. गावात 'पोरगा मोबाइलवर खेळतो' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रमी येते. या पोरांच्या स्क्रिमला ना फी होती ना पैसा लागत होता. डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धेचे व्हिडिओ गेम, केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत आले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला तेव्हाही ई-स्पोर्ट्स त्यातून वेगळे काढले. हे सगळं मी एका पोराच्या बापाला त्याच्या सपरीत बसून समजावलं. पटलं की नाही कोण जाणे, चहा मात्र मिळाला.

पावणेआठ ते नऊ

हंगाम डिसेंबरचा. सुटीच्या दिवशी चौघंही वावरात. कापूस वेचताना वाळलेल्या बोंडाच्या टोकदार कडा बोटांच्या शेंड्यांना ओरबाडतात. महिनाभरात पेरांची कातडी खरखरीत होते, नखांच्या कडेला चिरा पडतात. संध्याकाळी सहाला घरी, सातच्या आसपास जेवण, आणि पावणेआठला सगळे संघाच्या आयजीएलच्या, म्हणजे मॅचमध्ये हुकूम देणाऱ्याच्या, माडीवर. तिथून टॉवर समोर पडतो, म्हणून नेटवर्क चांगलं. पण खोलीला दोन बाजूंनी वारा.

मी पहिल्यांदा वर गेलो तेव्हा एका बाजेवर चौघं दाटीवाटीने बसलेले, दोन दुलया चौघांच्या मांडीवर ओढलेल्या. हात दुलईच्या आत, फोन उशीवर टेकवलेले. चारही फोनना जाड रबरी कव्हर, चारही फोन एकाच एक्स्टेंशन बोर्डावर चार्जिंगला. आणि टीडीएम चालू. टीडीएम म्हणजे चार विरुद्ध चार, छोट्या गोदामातली लढत. जो संघ आधी चाळीस बळी घेईल तो जिंकला, मेलं की लगेच पुन्हा जिवंत. एक संपली की दुसरी. मधून मधून कोणीतरी बोटं कडाकडा मोडून घेई. नऊला पाच कमी असताना आयडी-पास, म्हणजे रूममध्ये शिरायचा क्रमांक आणि पासवर्ड, आला, चौघं तसेच दुलईतून लॉबीत शिरले.

बोटं मोडण्याने काही गरम होत नाही, हे जाता जाता. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते त्याचा तो आवाज. बरं वाटतं, एवढंच.

फोनच्या गेम-पॅनेलवर सेकंदाला किती फ्रेम चालल्या आहेत ते दिसतं. ते मी चालू ठेवायला लावलं. संध्याकाळी पहिल्या टीडीएमला आकडा साठच्या आसपास स्थिर. नऊच्या मॅचला तोच फोन चाळीस दाखवायचा, मध्येच आणखी खाली यायचा, आणि स्क्रीन आपोआप मंद व्हायची. कारण उघड आहे. फोनमध्ये पंखा नसतो. आतली उष्णता फोनच्या पाठीतूनच बाहेर पडते. त्या पाठीवर रबर, रबराखाली उशी, वरून दुलई, आणि त्यात चार्जिंगची उष्णता. तापमान वाढलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, नाहीतर फोन बिघडेल. साठ फ्रेमला एक चित्र साधारण १७ मिलिसेकंद टिकतं, चाळीसला २५. नुसता हा फरक कदाचित सोसला असता. पण आकडा एकसारखा राहत नाही, खालीवर होतो, आणि बंदुकीचा झटका आवरायची जी सवय अंगठ्याला साठ फ्रेमवर लागलेली असते ती धक्के खाणाऱ्या चित्रावर चुकते. पोरं म्हणत हात चालत नाही. निम्मा वेळ फोन चालत नव्हता.

मग दुसऱ्या मॅचला बरं का होत होतं? मी खरं पाहण्यासारखं पाहिलं ते इथे.

पहिली मॅच हरल्यावर

एरांगेलवरची, म्हणजे या खेळातल्या मोठ्या नकाशावरची, मॅच शेवटपर्यंत चालली तर अर्धा तास घेते. हे चौघं पाच-सात मिनिटांत बाद व्हायचे. पुढची रूम उघडेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं मोकळी. त्या वेळात काय व्हायचं बघा. फोन चिडून बाजेवर टाकलेले, चार्जर काढलेले. चौघंही दुलईतून बाहेर, उभे. आणि भांडण.

"तू काहून रश मारला बे एकट्यानं?"

"थो एकटाच दिसला ना मले."

"दिसला तं बोलाव लागते! मी तिकडं लूट करून रायलो होतो."

भांडत भांडत चौघं खाली अंगणात यायचे, कारण वर आवाज चढला की आजी ओरडायची. खाली शेकोटी. आयजीएलची माय चहा ठेवायची, स्टीलच्या गिलासात, आणि ते तापलेले गिलास दोन्ही हातांत धरून पुढच्या मॅचला कुठे उतरायचं, कोणी कोणाला झाकायचं हे ठरायचं. मग माडीचा जिना धावत चढून वर. फोन तोवर निवलेला.

म्हणजे पहिल्या मॅचमध्ये लवकर मरणं हाच या संघाचा खरा वॉर्मअप होता. फोन थंड, अंग गरम, बोटं गरम, तोंड सुटलेलं, बेत ठरलेला. पावणेआठ ते नऊ या वेळात यातली एकही गोष्ट होत नव्हती. उलट बहुतेक गोष्टी नेमक्या विरुद्ध होत होत्या. माझं काम त्यामुळे सोपं झालं. नवीन काही शोधायचं नव्हतं. मॅच एक आणि मॅच दोन यांच्यामध्ये घडत होतं ते मॅच एकच्या आधी आणायचं होतं.

गारठलेल्या बोटांचा हिशेब

पोरांची समजूत अशी की थंडीत 'नस' हळू चालते. खोटं नाही. हाताच्या मज्जातंतूतून संदेश सेकंदाला साधारण ५० ते ६० मीटर वेगाने जातो, आणि हात एकेक अंशाने गार होईल तसा दर अंशामागे हा वेग दीड-दोन मीटरने घटतो. मज्जातंतूंची तपासणी करतानाही आधी हात पुरेसा गरम आहे ना ते बघतात, ते याचसाठी. पण मानेपासून बोटापर्यंत अंतर जेमतेम पाऊण मीटर. सगळा हात दहा अंशांनी गार झाला तरी फरक पडतो सहा-सात मिलिसेकंदांचा. डोळ्याला दिसलेल्या गोष्टीवर बोट हलायलाच माणसाला दोनशे-अडीचशे मिलिसेकंद लागतात. त्यात सहा-सातने मॅच जात नाही.

जाते ती दुसऱ्या कारणांनी. गार स्नायू सावकाश आकसतो आणि सावकाश सैल होतो. पेरं आखडतात. शेंड्याचा स्पर्श बोथट होतो, त्यामुळे अंगठा काचेवर किती सरकला याचा अंदाज चुकतो. आणि एम४१६ बंदुकीवर थ्री-एक्स दुर्बीण लावून स्प्रे, म्हणजे सलग गोळ्या, मारायचा तर अंगठा एकसारखा, मापात, खाली ओढावा लागतो. जायरो वापरणाऱ्याचं, म्हणजे फोन हलवून नेम धरणाऱ्याचं, मनगटही त्यात आलं. आमच्या पोरांच्या बाबतीत खरखरीत शेंड्यांची भर. फोनची काच बोटाच्या स्पर्शाने विद्युतभारात होणारा बदल टिपते. कातडी कोरडी आणि जाड असली की तो स्पर्श तिला अर्धवट कळतो. "स्क्रीन बोट पकडत नाई" ही तक्रार खरी होती.

शेकोटीबद्दल एक. नुसते हात शेकले तर पाच-दहा मिनिटांत पुन्हा गार. अंग थंड असलं की शरीर बोटांकडचा रक्तपुरवठा आधी आवळतं, कारण पोट आणि डोकं त्याला जास्त महत्त्वाचं. म्हणून आधी अंग तापवायचं. धावणं, दोरीवरच्या उड्या, उठाबशा, काहीही; आणि डोक्याला टोपी. कबड्डीत हे आम्ही रोज करतो, फक्त इथे ते बाजेवर बसायच्या आधी करायचं होतं.

याखेरीज वॉर्मअपचा एक भाग हातापायांशी निगडित नाही. कौशल्याचं काम थोडा वेळ थांबवून पुन्हा सुरू केलं की पहिले काही प्रयत्न वाईट जातात आणि मग झटकन सुधारतात, हे संशोधकांनी फार पूर्वीपासून नोंदवलं आहे. विसरलं म्हणून नाही. काम करताना शरीर-मनाची जी जुळणी झालेली असते ती विश्रांतीत सुटते. १९७१ मध्ये नॅक्सन आणि श्मिट यांनी याचा एक छान प्रयोग केला. उजव्या हाताने ठरावीक जोराची मूठ आवळायला शिकवलं, मग विश्रांती दिली. विश्रांतीत काही जणांना डाव्या हाताने तसंच जोराचा अंदाज घ्यायचं काम दिलं. काम वेगळं, हात वेगळा, तरीही नुसतं बसून राहिलेल्यांपेक्षा यांची पुन्हा सुरुवात चांगली झाली. माझ्या दृष्टीने यातला धडा असा की वॉर्मअपला हुबेहूब तीच मॅच खेळावी लागत नाही, पण ज्या प्रकारचं भान मॅचला लागतं ते भान जागं करावं लागतं.

टीडीएमची अडचण इथेच आहे. ती अंगठा मोकळा करते, यात शंका नाही. पण तिच्यात मरणाला किंमत नाही. मेलो की दोन क्षणांत परत. तासभर असं खेळून जो पोरगा मॅचला जातो तो पहिल्या घरावरच एकट्याने तुटून पडतो. खऱ्या मॅचमध्ये तो मेला की संघ तिघांचा. 'थो एकटाच दिसला' हे वाक्य टीडीएममधून आलेलं होतं.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. संघातला एक अजून अठराचा झालेला नव्हता. बीजीएमआय अठराखालच्या खेळाडूला दिवसाला तीन तासच खेळू देते. सव्वा तास टीडीएममध्ये गेला तर चार मॅचेसना वेळ पुरणार कसा? दोनदा चौथ्या मॅचच्या मध्यात हा बाहेर फेकला गेला होता, आणि ते नेटवर्कच्या नावावर खपवलं होतं.

काय बदललं

चार्जिंग सात-साडेसातलाच पूर्ण करायचं आणि चार्जर काढायचा. मॅचच्या वेळी कव्हरही काढायचं. जेवण होईपर्यंत फोन खालच्या खोलीत फरशीवर, उताणा नाही, पालथा, म्हणजे कोणी 'फक्त एक रील' बघत बसत नाही. हा नियम पोरांना सगळ्यात जड गेला.

साडेआठला अंगण. गावाच्या देवळापर्यंत धावत जाऊन परत, मग खांदे, मनगटं फिरवणं, मुठी जोरात आवळून झटक्यात उघडणं. लांबलचक ताण देऊन बसायला मी मनाई केली. खेळाच्या ऐन आधी एकेक स्नायू मिनिटभर ताणून धरला की त्याचा जोर थोडा वेळ उतरतो. मग चुलीवरच्या गंजातल्या कोमट पाण्याने हात धुऊन कोरडे करायचे. खोबरेल तेल लावायचं ते रात्री झोपताना, खेळाआधी नाही, नाहीतर काचेवर डाग आणि बोट घसरतं. ज्याच्या शेंड्यांना चिरा होत्या त्याने अंगठ्यांना फिंगर स्लीव घेतल्या. त्यांच्या कापडात वीज वाहून नेणारे धागे असतात म्हणून काचेला बोट कळतं.

मग खेळातलंच ट्रेनिंग ग्राउंड, दहाएक मिनिटं. जवळचं लक्ष्य, मग दूरचं. आधी सावकाश, मग वेगात. शेवटी दोन-चार ग्रेनेड. बसण्याची पद्धत मॅचसारखीच, पाठ टेकून, कोपर मांडीवर, दुलई फक्त पायांवर. त्यानंतर एकच टीडीएम, आणि तिला आयजीएलने स्वतः लावलेला नियम: बळी मोजायचे नाहीत, मरणं मोजायची. जो जास्त वेळा मेला त्याने रात्री चहाचे गिलास घासायचे. पोरांच्या डोक्यातून निघालेला हा नियम माझ्या सगळ्या सूचनांपेक्षा कामाचा ठरला. पहिल्याच दिवशी चौघंही खोक्यांमागे दबकून बसले आणि समोरचे अनोळखी चौघं वैतागून निघून गेले.

आणि बोलणं. पहिल्या मॅचला हे चौघं गप्प असायचे, ही गोष्ट त्यांना मी सांगेपर्यंत जाणवलेली नव्हती. कोणी बोललंच तर "थो दगडामागं हाय". एरांगेलवर दगड काय कमी आहेत? स्क्रीनच्या वर होकायंत्राची पट्टी असते, तिच्यावरचा अंश सांगायचा: "एकशे साठ, लाल छताच्या घरामागं, दोघं." टीडीएम चालू असतानाच हे मोठ्याने बोलायचं. कबड्डीतही पोरं आपसांत बोलायला लागली की बचाव सुधारतो, त्यामुळे हा भाग मला नवीन नव्हता. शेवटची काही मिनिटं काहीच नाही: फोन खाली, पाणी, कोठे उतरायचं त्याची एकदा उजळणी.

उशिराची रात्र

फरक पडला का? पडला, पण पोरं सांगतात तेवढा नाही. पहिल्या मॅचला ते आता साधारण सहावे ते दहावे येऊ लागले, दोन-चार फिनिश घेऊ लागले. पहिली मॅच जिंकली असं क्वचितच झालं.

शिवाय त्याच काळात त्यांनी उतरायची जागाही बदलली. आधी पोचिंकीला, जिथे नेहमी तीन-चार संघ एकदम उतरतात. मग रोझोकच्या वरच्या बाजूला, जिथे सुरुवातीला कमी गर्दी. त्यामुळे सगळं श्रेय वॉर्मअपला देता येत नाही. एक दिवस वॉर्मअप करून आणि एक दिवस न करता खेळून बघू, असं मी सुचवलं. आयजीएल म्हणाला, "सर, मुद्दाम हारायले कोण तयार होईन?" मुद्दा बरोबर होता.

ती तपासणी आयोजकांनी नकळत करून दिली. एका रात्री रूमचा आयडी नऊऐवजी पावणेदहाला आला. पोरांनी सगळं वेळेवर केलेलं; मग वाट बघत दुलईत बसली, रील बघत, फोन पुन्हा उशीवर. उतरायची जागा तीच, नवी. निकाल जुना: पंधरावा नंबर. उतरताना एकाने भलत्याच छतावर उडी घेतली, स्नायपरचे, म्हणजे लांबून नेम धरणाऱ्याचे, पहिले तीन बार वाया. एका रात्रीवरून सिद्ध काही होत नाही, पण वॉर्मअपची मुदत संपते एवढं पोरांच्या डोक्यात पक्कं बसलं. तेव्हापासून उशीर झाला की ते सगळं पुन्हा करत नाहीत. अंगणात एक चक्कर, मुठी आवळणं, आणि मॅच सुरू होण्याआधी सगळे खेळाडू ज्या बेटावर जमतात तिथे पडलेली बंदूक उचलून मिनिटभर स्प्रे. तेवढं पुरतं असं दिसलं.

स्नायपरचं निराळं

शेती पाहणारा पोरगा संघाचा स्नायपर. त्याच्या बाबतीत वॉर्मअपचा उपयोग एक हप्ता व्हायचा आणि एक हप्ता व्हायचा नाही. बरेच दिवस मला याचा उलगडा होईना. मग कळलं की त्यांच्या फीडरवर शेतीची थ्री-फेज लाईन एक हप्ता दिवसा, एक हप्ता रात्री येते. रात्रीच्या लाईनच्या हप्त्यात त्याला मध्यरात्रीनंतर चण्याला पाणी द्यायला जावं लागतं. म्हणून तो जेवण करून आडवा होतो आणि पावणेनऊला कोणीतरी हाक मारली की उठून थेट माडीवर. गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ, माणसाचं लक्ष आणि हाताचा वेग मंद असतो. हात कितीही गरम केले तरी ती झापड आपल्या वेळेनेच उतरते. त्याला आठलाच उठवायचं, तोंड धुऊन उजेडात बसवायचं असं ठरवलं. थोडं सुधारलं. पण मुळात झोपच अपुरी आहे, तिला वॉर्मअप काय करणार? त्या हप्त्यात त्याच्याकडे स्नायपरची बंदूक न देता गाडी चालवणं आणि मागून झाकणं ही कामं द्यावीत असं मी आयजीएलला म्हटलं. दोघांनाही ते आवडलं नाही. ओलीत असलेल्या रात्री तो खेळलाच नाही तर बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. अंधारात, ओल्या पायांनी पंपाच्या स्टार्टरला हात लावणारा माणूस पेंगुळलेला नको.

तालुक्याची स्पर्धा

फेब्रुवारीच्या शेवटी तालुक्याच्या ठिकाणी एका सभागृहात स्पर्धा झाली. सगळे संघ समोरासमोर, टेबल-खुर्च्या, एकच वायफाय. माडीवरची बाज नाही, मांडीवर कोपर टेकायची सोय नाही. ज्यांनी आधी आठवडाभर खुर्चीवर बसून खेळून बघितलं त्यांचं निभावलं. आमच्या तिघांनी ते केलं होतं, स्नायपरने नाही. पोरं सभागृहामागच्या मोकळ्या जागेत धावून आली तेव्हा इतर संघ हसत होते. पहिल्या मॅचला चौथा नंबर आणि सात फिनिश, म्हणजे ४ आणि ७ मिळून ११ गुण. आतापर्यंतची त्यांची ही सर्वात चांगली पहिली मॅच. शेवटी एकूण पाचवे आले. बक्षीस पहिल्या तीन संघांना होतं. तिसऱ्या मॅचमध्ये झोन, म्हणजे नकाशावरचा आकसत जाणारा सुरक्षित भाग, उलट्या बाजूला गेला आणि गाडी मिळाली नाही, त्यात कोणाच्या बोटांचा दोष नव्हता.

आता उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो, आणि फोन कंपन्या साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच फोन वापरा म्हणतात. हिवाळ्याची सगळी रीत उलटली आहे. अंगणातली धाव बंद, कारण घाम आला की काच भलतीकडेच बोट समजते. हात माठाच्या पाण्याने धुऊन, पुसून, थोडी पावडर. ट्रेनिंग ग्राउंड पाचच मिनिटं. टीडीएम एक, तीही खालच्या मातीच्या खोलीत, कारण माडीचा स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो. एकाने फोन फ्रिजमध्ये ठेवून बघायचा विचार बोलून दाखवला, त्याला वेळीच थांबवलं. एकदम गार झालेल्या फोनच्या आत दमट हवेचं पाणी जमतं. कूलरसमोर ठेवला तर चालतो, तुषार उडणार नाहीत इतक्या अंतरावर.

त्यावरून सध्या घरात वाद आहे. आयजीएलच्या मायने मला परवा वाटेत थांबवून विचारलं, "मास्तर, कूलर मी यायच्या फोनसाठी घेतला का? याचा बा तिकडं सपरीत घामानं भिजून रायला अन् हे चार फोन हवा खाऊन रायले."